काळ्या कागदावरची पिठी

आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीपासून थोडं वर. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटीवर झोपाळा आणि आजेसासऱ्यांनी बसवून घेतलेले ऐन-किंजळीचे वासे. आम्ही राहतो डोंबिवलीत. घर वर्षातून दोनदा उघडायचं, मे महिन्यात आणि गणपतीला. मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण माझ्याच घरातलं लाकूड कोण खातंय हे कळायला मला सहा वर्षं लागली. त्या काळात जे शिकले ते इथे लिहून ठेवते. पहिला मुद्दा पहिलाच हवा, बाकीच्यांच्या क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. पिठी दिसली म्हणजे वाळवी नव्हे.

२०१४ मध्ये पडवीचं काम काढलं. माळ्याला आंब्याच्या फळ्या घातल्या, आतून बांबूचं छत केलं. दोन वर्षांनी मे महिन्यात घर उघडलं तर माळ्याखाली जमिनीवर पिवळसर पिठाच्या लहान लहान ढिगाऱ्या. ह्यांनी एक नजर टाकली आणि निकाल दिला, "वाळवी." शहरातून कीडनाशकवाले आले. त्यांनी भिंतीच्या कडेनं जमिनीला भोकं पाडून औषध ओतलं, चौदा हजार घेतले आणि पाच वर्षांची हमी दिली. पुढच्या वर्षी पीठ दुप्पट. फोन केला तेव्हा कळलं की हमी वाळवीची होती, आणि वाळवी खरोखरच आली नव्हती! त्यांचं काही चुकलं नाही. रोग आम्हीच चुकीचा सांगितला होता.

गावातल्या सुतारकाकांनी ती पिठी दोन बोटांत घेतली, चोळली, म्हणाले, "बाई, ह्यो भुंगेरा. वाळवी असती तर माती दिसली असती."

सगळी परीक्षा त्या एका वाक्यात आहे. आपली नेहमीची वाळवी जमिनीतून येते आणि मातीचे बोगदे करत वर चढते. तिनं खाल्लेल्या लाकडाच्या आत माती भरलेली सापडते. भुंगेरा मातीला शिवत नाही. तो लाकडाला बारीक गोल भोकं पाडतो आणि भोकाखाली भुसा पडतो. हा भुसा टाल्कम पावडरीसारखा मऊ असेल आणि भोकं टाचणीच्या डोक्याएवढी, एक-दोन मिलिमीटरची असतील, तर तो लिक्टस जातीचा, चपटा तांबूस-तपकिरी किडा. भोकं तीन मिलिमीटरहून मोठी असतील तर त्याचा जाडजूड भाऊबंद, ज्याचं डोकं टोपडं घातल्यासारखं खाली दडलेलं असतं. आणि पिठीऐवजी खसखशीसारखे दाणे पडत असतील तर तो तिसराच प्राणी, कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. तिला मातीची गरज नसते.

आधी बोटांनी चोळून पाहा, फोन मग करा.

२. काळा भुंगा वेगळा.

वाशाला करंगळी जाईल एवढं गोल भोक पाडून गुणगुणत आत शिरणारा, काळा चकचकीत भुंगा ही जंगली मधमाशी आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात कोरडं लाकूड सहज भेदणारा पण कमळाच्या कळीत अडकून पडणारा भ्रमर येतो, तो हाच असावा असं मला वाटतं. तो लाकूड खात नाही, घरट्यापुरतं कोरतो. दोन-चार भोकांनी वासा पडत नाही. आमच्याकडे त्याला कुणी हात लावत नाही, मीही लावलेला नाही.

३. किडा बाहेरून घरात येत नाही, आपण त्याला विकत आणतो.

हे पटायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आजेसासऱ्यांचे वासे शाबूत होते आणि दोन वर्षांच्या फळ्या चाळणी झाल्या होत्या. दोन्ही एकाच छपराखाली. मग किडा निवडून खातो आहे तर काय निवडतो?

झाडाच्या सालीलगत पांढरट लाकडाचा एक थर असतो. झाड जिवंत असताना अन्न साठवण्याचं काम या थराचं, त्यामुळे त्यात स्टार्च, म्हणजे साधं पीठ, भरलेलं असतं. मधला गडद गाभा कोरडा, त्यात झाडाची स्वतःची विषारी द्रव्यं मुरलेली. सागाला किडा लागत नाही असं आपण सर्रास म्हणतो, ते सागाच्या गाभ्यापुरतं खरं आहे. सागाची पांढरी कड किडा आनंदानं खातो. आमच्या खिडकीची चौकट मी नंतर नीट पाहिली. चौकटीच्या एका कोपऱ्यात दोन बोटं रुंदीची फिकट पट्टी होती. भोकं तेवढ्याच पट्टीत, गडद भागात एकही नाही. रेघ मारल्यासारखी सीमा.

लिक्टसची मादी फार चोखंदळ. ती आधी लाकडाचा पृष्ठभाग कुरतडून चव घेते, पीठ पुरेसं आहे ना ते बघते. मग लाकडाच्या उघड्या नळ्यांत, म्हणजे ज्यांतून झाड पाणी वर नेत असे त्या सूक्ष्म छिद्रांत, अंडी घालते. छिद्र तिच्या अंडी घालायच्या नळीपेक्षा अरुंद असेल तर तिचा नाइलाज होतो. त्यामुळे मोठ्या छिद्रांची आणि पिठूळ लाकडं तिला प्यारी. लाकूड जुनं होत जातं तसा त्यातला पिठाचा साठाही उतरतो आणि तिला त्यात गोडी उरत नाही. आजेसासऱ्यांच्या वाशांचं गुपित हे. जात चांगली, गाभ्याचं लाकूड, आणि आता वयही झालेलं.

लिक्टसबद्दल हे सगळं वाचल्यावर माझ्यातली शिक्षिका जागी झाली. सातवीच्या मुलांना बटाट्यावर आयोडीन टाकून निळा-काळा रंग दाखवायचे, तोच प्रयोग लाकडावर का नाही? औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीनची बाटली आणली. फळीचा टोकाकडचा भाग ताजा तासला आणि दोन थेंब टाकले. गाभ्यावर थेंब तपकिरीच राहिले. पांढऱ्या कडेवर मिनिटभरात शाई सांडल्यासारखं काळंनिळं झालं. सुतारकाका चष्मा वर करून बघत राहिले. त्यानंतर लाकूड घ्यायला वखारीत जाताना ते खिशात बाटली ठेवतात. वखारवाल्याला अर्थातच ते आवडत नाही.

आणि आता कबुली. २०१४ मध्ये याच सुतारकाकांनी विचारलं होतं, "बाई, कडेला पांढरं हाय, तासून टाकू?" मी म्हणाले होते, "राहू द्या, फळी अरुंद होईल."

४. बांबूच्या बाबतीत म्हातारे बरोबर, पण कारण वेगळं असू शकतं.

गावात सांगतात, चांदण्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, काळोखात तोडावा. चंद्राबद्दल मी पैज लावणार नाही. पण हीच माणसं आणखी दोन गोष्टी सांगतात आणि त्या सोळा आणे खऱ्या आहेत. कोवळा बांबू घेऊ नये, निदान तीन पावसाळे पाहिलेला घ्यावा. आणि पावसाळ्यात कोंब फुटून गेल्यावर, दिवाळीच्या पुढे तोडावा. कोंब वाढवण्यात बेटानं आपला साठा खर्च केलेला असतो, म्हणजे भुंगेऱ्याचं ताट तेव्हा जवळजवळ रिकामं असतं. आम्ही आमच्या सोयीनं, सुट्टीत, मे महिन्यात तोडला होता. चंद्र कोणता होता कुणी पाहिलं नाही, पण ताट भरलेलं होतं.

बांबूची बाहेरची साल गुळगुळीत आणि चिवट असते, तिच्यातून किड्याला सहसा जाता येत नाही. तो शिरतो तोडलेल्या टोकातून, पेरावरची फांदी छाटलेल्या जागेतून, नाहीतर चिरलेल्या आतल्या अंगातून. आमचं छत चिरलेल्या बांबूचं होतं. म्हणजे आम्ही त्याला दार उघडून, वर पाटही मांडून दिला होता.

दुसऱ्या वेळी माणग्याचे बांबू डिसेंबरात तोडले आणि महिनाभर पऱ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवले. पाण्यात साखर आणि पीठ निघून जातं. वास इतका भयंकर येतो की शेजारच्या वाडीतून निरोप आला. बाहेर काढून सावलीत वाळवले, मग पुढच्या मुद्द्यातलं पाणी पाजलं. ते छत आज आहे. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी प्रक्रिया केलेला बांबूच विकत घ्यावा. कुडाळकडे बांबूवर असं काम होतं.

५. टाकणखार आणि बोरिक.

सोनाराकडचा टाकणखार आणि कॅरमबोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर, या दोन पांढऱ्या पुड्या माझ्या घरातलं खरं औषध ठरल्या. प्रमाण सोपं आहे. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम टाकणखार आणि दोनशे ग्रॅम बोरिक. पाणी गरम असेल तर लवकर विरघळतं. बांबू किंवा फळ्या यात बुडवून ठेवता आल्या तर उत्तम, नाहीतर ब्रशनं हात मारायचे. एक हात वाळायच्या आत दुसरा, असे तीन-चार. हा क्षार ओल्या लाकडातून हळूहळू आत झिरपतो आणि तिथेच राहतो. पुढे अळीनं ते लाकूड खाल्लं की तिचा कारभार आटोपतो.

पण याच्या मर्यादा मी पैसे आणि पावसाळे घालवून शिकले. लाकडाला आधीच पॉलिश किंवा रंग असेल तर पाणी वरच राहतं, आधी घासून लाकूड उघडं करावं लागतं. पावसात भिजणाऱ्या लाकडाला उपयोग नाही, क्षार धुऊन जातो. पडवीच्या बाहेरच्या पट्ट्यांना मी हौसेनं तीन हात दिले होते, एका आषाढात सगळं गेलं. आणि सौम्य असलं तरी हे विषच आहे. पोळपाट, लाटणं, परात, तोंडात जाणारी खेळणी यांना लावू नये. उरलेल्या पुड्या साखरेच्या शेजारी तर मुळीच ठेवू नयेत. रंग तोच, डबा तोच, आणि आपल्याकडे चहा कोण करील सांगता येत नाही.

काजूच्या टरफलांचं तेलही कोकणात पूर्वीपासून लावतात. वाशांना ते छान बसतं. मी हातमोज्यांशिवाय लावलं आणि पंधरा दिवस बोटांची सालं काढत बसले.

६. पॉलिशनं दार बंद होतं, पण आतला आतच राहतो.

पॉलिश, व्हार्निश, रंग यांनी छिद्रं बुजतात आणि लिक्टसच्या मादीला अंडी घालायला जागा उरत नाही. हे खरं. पण आत आधीच असलेल्या अळ्यांना पॉलिशचा पत्ताही लागत नाही. त्या खात राहतात, वाढतात आणि एक दिवस तुमच्या चकचकीत पृष्ठभागातून बाहेर पडतात. कपाटाची मागची बाजू आणि खणांचे तळ आपण कोरेच सोडतो. किडा त्याच बाजूनं येतो.

७. स्वस्त रबरवुडचं टेबल.

डोंबिवलीच्या घरासाठी घेतलं. वर्षात एका पायाखाली पीठ. दुकानदार म्हणाला, पावसाळी हवा. हवेचा काही संबंध नाही. रबराच्या झाडाचं लाकूड पिठानं ठासून भरलेलं असतं, म्हणून ते कापल्या कापल्या दाबाखाली बोरॉनचे क्षार भरून मगच वाळवतात. ते नीट झालं असेल तर हे लाकूड चांगलं. झालं नसेल तर ते किड्याचं शिधावाटप केंद्र. विकत घेताना बिलावर तसं लिहून मागा. दुकानदाराचा चेहरा बघून अर्धं उत्तर मिळतं.

८. ऊन, आणि शीतपेटी.

ज्याला औषध लावता येत नाही त्याला उष्णता द्यावी. परदेशात माल पाठवायची लाकडी खोकी तापवून निर्जंतुक करायची तर आंतरराष्ट्रीय नियम आहे की लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग तीस मिनिटं पोचलं पाहिजे. तशा खोक्यांवर गव्हाच्या ओंबीचा ठसा असतो. जुनी खोकी-पट्ट्या आणून फर्निचर करणाऱ्यांनी तो ठसा जरूर शोधावा, पण तो त्या वेळेपुरता दाखला आहे, कायमचा नाही.

आमच्याकडे सडा, म्हणजे कातळाचं पठार, आहे आणि मे महिना आहे. जेवणाचे पाट काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून सकाळी नऊला कातळावर ठेवले. एका पाटाला खालून भोक पाडून शाळेतला तापमापक घातला होता. दुपारी दोनला तो सत्तावनवर गेला आणि तासाभरानंतरही छप्पन्नच्या खाली नव्हता. लोकांनी गच्चीवर पापड वाळवले, मी पाट भाजले. सांधेदार, नक्षीदार किंवा चिकटवलेल्या वस्तूंवर हा प्रयोग करू नये. माझी एक पेटी तडकली.

नातवासाठी ठेवलेली सावंतवाडीची लाकडी फळं मी उलट दिशेनं पाठवली. हवाबंद पिशवीत घालून, उणे अठरावर, दोन आठवडे. काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. वस्तू घराच्या हवेएवढी उबदार होऊ द्यायची, नाहीतर दवानं रंग जातो. शीतपेटीत मटाराशेजारी लाकडी डाळिंब बघून सून काही बोलली नाही, फक्त फोटो काढला.

९. कागद आणि पेन्सिल.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे काळा कागद. लाकडावर दिसणारी भोकं किड्याच्या बाहेर जाण्याची असतात. म्हणजे भोक दिसलं तेव्हा त्या किड्याचा मुक्काम संपलेला असतो. प्रश्न एवढाच की आत आणखी आहेत का. आणि पिठी तर मेलेल्या भोकांतूनही वर्षानुवर्षं गळते. ओटीच्या भालातून पडणारी पिठी बघून मी पुन्हा औषध लावायला निघाले होते, तेव्हा नातू झोपाळ्यावर उभा राहून झोके घेत होता. झोका थांबला, पिठी थांबली.

तेव्हापासून माझी रीत अशी. आधी जुनी पिठी ब्रशनं पूर्ण झाडायची. प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलनं गोल काढून तारीख घालायची. भोकं मेणानं बुजवायची. खाली काळा कागद पसरायचा. आमच्याकडे हे किडे साधारण वळवाच्या दिवसांत बाहेर पडतात आणि उजेडाकडे जातात, म्हणून खिडकीच्या कठड्यावर मेलेले सापडतात का तेही बघायचं. गोलाबाहेर नवं भोक दिसलं, किंवा कागदावर फिकट, ताजी पिठी पडली, तरच पुढचा विचार. नाहीतर चहा.

१०. लाकडाचे तुकडे चुलीत घालण्याआधी विचारा.

बाहेरच्या खांबांसाठी आम्ही कारखान्यात प्रक्रिया केलेलं, हिरवट झाक असलेलं लाकूड आणलं होतं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक दाबाखाली भरण्याची ही पद्धत मुळात आपल्याकडची. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या सोंटी कामेशन यांनी ती १९३३ मध्ये शोधली आणि तिच्यावर जगभर विजेचे खांब उभे राहिले. पुढे आर्सेनिकच्या भीतीनं अमेरिकेत २००३ अखेर घरगुती लाकडासाठी तिचा वापर उत्पादकांनी थांबवला. सुतारकामाचे उरलेले तुकडे न्हाणीच्या चुलीत घालायचे हा आमच्याकडचा पिढ्यांचा शिरस्ता. मोलकरणीनं टोपली भरलीही होती. ते लाकूड जाळलं तर धुरात आणि राखेत आर्सेनिक उतरतं, आणि ती राख पुढे भांडी घासायला आणि अळवाच्या मुळाशी जाते. टोपली मी अक्षरशः हिसकावून घेतली. तिला राग आला, तो रास्तच होता. आधी सांगायला हवं होतं.

११. गव्हातला किडाही याच घराण्यातला.

गव्हाला पोखरून पीठ करणारा छोटा काळपट भुंगेरा लाकूड पोखरणाऱ्यांच्याच कुळातला आहे. त्यामुळे माळ्यावर किडा आणि कोठीत किडा असेल तर दोन्ही वेगळे ओळखा. कोठीतल्यासाठी छप्पर उतरवू नका. आमच्याकडे ते होता होता राहिलं.

१२. टोच्या.

भोकं किती आहेत यावरून घाबरू नये. टोच्या किंवा पटाशीचं टोक वाशात दाबून बघावं, विशेषतः भिंतीवर टेकलेल्या टोकाशी. टोक दोन-चार मिलिमीटरवर अडलं तर वासा चांगला आहे, वरची पांढरी कड तेवढी गेली. सरळ आत गेलं तर तो वासा त्याच सुट्टीत बदलावा. आम्ही एकच बदलला. माळ्याच्या फळ्या मात्र सगळ्या काढल्या.

आता पाळण्याचं. शिवणीचा, ह्यांच्या आजीच्या वेळचा पाळणा दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केला आणि एक दांडा नवा घातला. त्या वेळी मी डोंबिवलीत होते. या मे महिन्यात काळ्या कागदावर बरोबर त्या दांड्याखाली चिमूटभर पिठी होती, फिकट आणि ताजी. दांडा उलटा करून पाहिला तर कडेला पांढरी पट्टी. पाळण्याला टाकणखार नाही, पॉलिश नाही, काही नाही. दांडा काढून सड्यावर दोन दुपारी भाजला, पुन्हा बसवला, भोक मेणानं बुजवून गोल काढला. पाळणा ओटीवर टांगला आहे, रिकामा, आणि खाली कोरा कागद. मुलीला सातवा महिना आहे. गणपतीला घर उघडू तेव्हा कागदावर कणभरही काही दिसलं तर तो दांडा जाईल. गाभ्याचा नवा दांडा सुतारकाकांनी तासून ठेवला आहे, आयोडीनचे थेंब त्यावर तपकिरीच राहिले.